बुंदीनं समुद्र पाहिला

उदगीर,
रविवार, दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. शिल्पा हिस अप्पाचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुम्ही तिघं नांदेडला सुखात असाल असं धरून चालतो. यंदा सोयाबीनची आवक लई झाली, आडतीवर मान वर करायला सवड न्हवती. तुझ्या अव्वाचे गुडघे दुखतात, पण दवाखान्याचं नाव काढलं की उठून कामाला लागते. तुझा पत्ता गेल्या उन्हाळ्यात तुझ्या मैत्रिणीकडून, तनुजाकडून मागून घेतला. तेव्हापासून खिशात आहे. फोन करणं माझ्याच्यानं होणार न्हाई, म्हणून लिहायलोय.

लिहायचं कारण म्हणजे बुंदीनं समुद्र पाहिला.

ही बातमी तुला दुसऱ्या कुणी सांगितली नसती. बारावीच्या सुट्टीत तू तिच्या पुढं बसून म्हणायचीस, मला नोकरी लागली की तुला पहिलं समुद्रावर नेईन. आता ती दहा वर्षांची झाली, कुत्र्याच्या हिशेबानं म्हातारी. तोंड पांढरं पडलंय, डाव्या डोळ्यात सारा येऊन त्यानं दिसत न्हाई. पण पळते अजून.

दिवाळी झाल्यावर तुझ्या थोरल्या काकांनी, सिद्रामअण्णांनी टूम काढली, सगळ्या घरानं कोकणात जायचं. दोन गाड्या, अकरा माणसं. मी म्हणलं, बुंदी येत असेल तर मी येतो. लातूरला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं न्हवतं. अण्णा म्हणाले, "डिकीत बसव, पण सीटवर केस दिसले तर बघ." सोलापूर, कोल्हापूर करत दीड दिवस लागला. घाटात ती दोनदा ओकली. मी पण एकदा.

गुहागरच्या जवळ एका बाईच्या घरी खोल्या घेतल्या होत्या. सकाळी किनाऱ्यावर गेलो. शिल्पा, आपल्याकडं ज्वारीचं रान वाऱ्यानं हलतं तसं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं. तसं न्हाई. त्याला पलीकडचा बांधच न्हाई. बुंदी आधी पायात शिरून थरथरली. मग लाट पायाला लागून मागं गेली तर ही तिच्यावर भुंकायला लागली. जणू अंगणात कुणी परकं आलंय. अव्वा पदर तोंडाला लावून हसली. तिला हसताना बघून मला कसंतरीच झालं.

मग मी साखळी सोडली. अण्णांनी सोडू नको म्हणलं होतं.

थोडा वेळ ती पाण्याच्या कडेनं पळली. एकाएकी थांबली, कान उभे केले, आणि सुसाट निघाली. लांब एक पोरगी चालली होती. पिवळा कुर्ता, खांद्यावर लेकरू, आणि चाल तुझी. उजवा पाय जरा बाहेर टाकत. बुंदीला एका डोळ्यानं दिसतं, माझे तर दोन्ही ऑपरेशन झालेले. तरी मी पण तिच्यामागं धावलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, धोतर भिजलेलं, आणि तोंडातून मोठ्यानं हाक गेली, "शिल्पा! ए शिल्पा!"

ती वळली. ती तू न्हवतीस. बिचारी घाबरली. बुंदीनं तिचे पाय हुंगले आणि वाळूत बसून राहिली.

मागं सगळं घर उभं होतं. तू अश्वजितरावांशी लग्न केल्यापासून चार वर्षांत आपल्या घरात तुझं नाव कुणी घेतलं न्हाई. अण्णांनी तसंच ठरवून दिलंय. जवळ येऊन ते हळूच म्हणाले, "रामलिंग, कुणाला हाक मारलीस?"

मी म्हणालो, "कुत्रीला."

त्यांची थोरली सून फिस्सकन हसली. अण्णा हसले न्हाईत. म्हणाले, "मग बांध तिला." मी बांधली. उरलेले दोन दिवस ती त्या बाईच्या परसात माडाला बांधलेली होती. समुद्राचा आवाज यायचा, ती तिकडं तोंड करून बसायची. सगळे फिरायला गेले की मी तिच्याजवळ बसायचो. मला कुणी बांधलं न्हवतं, पण मी तरी कुठं गेलो?

मी हाक मारली त्याच दिवशी दुपारी अव्वा खोलीत आली, दार लोटून घेतलं. म्हणाली, "पुन्हा एकदा म्हना."

"काय?"

"नाव म्हना की."

मी म्हणलं. तिनं आणखी एकदा म्हणायला लावलं. मग कपडे घड्या करायला बसली, आणि झालेल्या घड्या मोडून पुन्हा केल्या.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. गेल्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी तू आली होतीस. अश्वजितराव रिक्षापाशी थांबले होते. तू कडी वाजवलीस, "अप्पा, अव्वा" म्हणून हाका मारल्यास. तुला वाटलं असेल घरात कुणी न्हाई. अव्वा बहिणीकडं गेली होती. मी होतो. दाराच्या आत, दोन हातांवर. बुंदीनं तुझा आवाज ओळखला आणि ती भुंकणार तोच मी तिचं तोंड हातानं दाबून धरलं. तिनं सुटायला माझा तळवा फाडला. तरी सोडलं न्हाई. रिक्षा जाईपर्यंत धरून बसलो. लोकांना सांगितलं, पोत्याचा हूक लागला. अव्वाला अजून तेच माहीत आहे.

जनावराला कळलं ते मला कळत न्हवतं असं न्हाई. घर एकत्र, आडत एकत्र, शेत एकत्र. अण्णांच्या शब्दाबाहेर मी जन्मात पाऊल टाकलं न्हाई, आणि या वयात कसं टाकतात ते मला येत न्हाई. अश्वजितराव वाईट आहेत असं मी कधी म्हणालो न्हाई. चांगले आहेत असंही म्हणालो न्हाई. त्यांना माझा नमस्कार सांग. जावयाला करतात तसा.

मी उद्या तुझ्या दारात येईन असं समजू नको. खोटं लिहिणार न्हाई. हे पत्र सुद्धा बुंदीला फिरवायच्या निमित्तानं स्टेशनच्या बाकावर बसून लिहिलंय. ती शेजारी झोपली आहे. नांदेडची गाडी विचारावी असं दोनदा मनात आलं, खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो.

लेकराचं नाव मला ठाऊक न्हाई. तनुजाला विचारायची लाज वाटली. ते कळव. आपलं टपाल आडतीवर येतं आणि अण्णाच फोडतात. फोडू देत. तिथंच पाठव. सगळ्यांसमोर ते माझ्या हातात देतील तेव्हा ठाऊक असूनही कुणाचं पत्र म्हणून विचारतील, आणि मला तुझं नाव सांगावंच लागेल.

तुझा,
अप्पा