सर्व्हरवरची जागा कोण खातं?

सोमवार, ५ ऑगस्ट. सकाळी ९.४०
नकाशेवाल्या बाईंची फाइल सेव्ह होत नाही म्हणे. सर्व्हर म्हणतो, जागा संपली, तीनच जीबी शिल्लक, मोठ्या फाइली घेणार नाही. दोन टीबीची, म्हणजे दोन हजार जीबीची डिस्क! मी स्वतः सगळे फोल्डर मोजले. बेरीज जेमतेम सातशे जीबी. म्हणजे सर्व्हर धडधडीत खोटं बोलतोय. आर्किटेक्टच्या ऑफिसात दुसरं काय होणार? यांना इमारती उभ्या करता येतात, फाइल जागेवर ठेवता येत नाही.
साहेबांनी बजावलं, शुक्रवारी पाचच्या आत हॉस्पिटलचे नकाशे गेले नाहीत तर सर्व्हर दुसऱ्या कुणाकडे तरी देतो. मी नुसता हसलो. बारा वर्षं सांभाळतोय.
संकल्प: उद्या जेवणाच्या सुट्टीआधी विषय संपवणे.

मंगळवार, ६. दुपारी १
सर्व्हर रीस्टार्ट केला. आकडा तसाच. तिघांचं काम उडालं म्हणून आरडाओरडा. सेव्ह का नाही केलं, विचारलं. होत नव्हतं म्हणूनच तुम्हाला बोलावलं, म्हणाले. उलट उत्तरं मात्र तोंडपाठ.

सायंकाळी ५
हुकूम काढला: फालतू फाइली उडवा. बाईंनी कुरकुरत स्पर्धेचे जुने नकाशे उडवले. तीनाचे एकदम नऊ जीबी मोकळे! सात महिन्यांपूर्वी 'जागेची शिस्त' यावर मी दोन तास बोललो होतो, त्याचं हे फळ. तेव्हा अर्धे पेंगत होते. फायलिंगच्या काकू तेवढ्या लिहून घेत होत्या. बिचाऱ्या. पुढल्या वर्षी रिटायर.

बुधवार, ७. सकाळी ९.१५
पुन्हा तीन! रात्रीत सहा जीबी गायब. बाईंनी गुपचूप परत आणून ठेवलं असणार. सगळ्यांसमोर सुनावलं. त्या म्हणाल्या, मी काहीही ठेवलेलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा.
काकूंनी मध्येच विचारलं, एखादं कपाट कुलूपबंद असलं तर बाहेरून मोजणाऱ्याला आतलं कसं कळणार? सर्व्हर म्हणजे कपाट नव्हे, असं समजावलं. वयाकडे बघून सौम्यपणे.
सगळ्यांना पुन्हा उडवायला लावलं. परत नऊ. सर्व्हररूमची किल्ली माझ्या खिशात.

रात्री ८
बायकोला सांगितलं. म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा, तुम्हीच काहीतरी ठेवून विसरला असाल, चष्म्यासारखं. चष्मा त्या वेळी कपाळावर होता, तो मुद्दा वेगळा.

गुरुवार, ८. सकाळी ९.०५
तीन. किल्ली खिशातच. म्हणजे व्हायरस. संकल्प: उद्या अख्खी डिस्क फॉरमॅट. न रहेगा बांस वगैरे.

शुक्रवार, ९. सकाळी १०.२०
फॉरमॅटला बसलो. साहेबांनी माझा हात धरला, अक्षरशः. हॉस्पिटलचे नकाशे त्याच डिस्कवर आहेत, हे त्यांनी जरा मोठ्यानेच सांगितलं. मग काकूंना बोलावलं. त्या वही घेऊन आल्या. माझ्याच व्याख्यानाच्या नोट्स! मुद्दा चौथा: बेरीज जुळत नसेल तर आधी कुलूपबंद फोल्डर बघा, मगच लोकांना बोला. शेवटच्या शब्दांखाली दोन रेघा.

दुपारी १२
सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मी टाकला, बाकी काकूंनी. निघाला एक फोल्डर. कुणालाच उघडता येऊ नये असा केलेला, मलासुद्धा. सुरक्षेसाठी मीच केला होता. आत माझ्या व्याख्यानाचा व्हिडिओ, सर्वोत्तम दर्जाचा, सहा जीबी. जागा असेल तर रोज रात्री नवी प्रत आपोआप. तेही मीच लावलेलं. एकूण दोनशे तेरा प्रती.
मला घाम फुटला, पण एसीही बंद होता.

सायंकाळी ६
नकाशे साडेचारला गेले. तसं पाहिलं तर माझ्याच चौथ्या मुद्द्याने प्रश्न सुटला. साहेबांना सांगून पाहिलं. त्यांनी किल्ली मागितली आणि काकूंना दिली. काकूंची कपाटं आता माझ्याकडे.
बाईंची माफी मागितली. त्यांनी विचारलं, स्पर्धेचे नकाशे परत येतील का? नाही म्हणताना मान वर झाली नाही.
काकूंनी विचारलं, व्याख्यानाची एखादी प्रत ठेवू का? मी म्हटलं, ठेवा, लोकांना लागते. त्यांनी स्क्रीनवर बघून सांगितलं, सात महिन्यांत कुणीही उघडलेली नाही. आणि बटण दाबलं. आता तीही नाही.