फुल्बेर म्हणतो ती १८६८ सालची क्लॅरिनेट

मी, लेओन्तीन केनेल, वय एक्क्याऐंशी, अविवाहित, धंदा लाकडी वाद्यं बनवणं व दुरुस्त करणं, राहणार ला कुतूर-बुसे, नॉर्मंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने रविवारी जेवायला येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. राहतं घर, मागची सफरचंदाची झाडं आणि बँकेतली शिल्लक मी माझा धाकटा भाऊ फुल्बेर याची मुलगी नोएमी हिला देते. शेजारी बोदुआँ यांनी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. ती परत मागण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

२. लेथ, हत्यारं आणि माळ्यावर वाळत ठेवलेलं लाकूडही नोएमीला. लाकूड अजून ओलं आहे, घाई करू नये. मात्र दारावर पाटी लावावी: ‘इथे वाद्याचं वय सांगितलं जात नाही.’ लोक येतात तेही नेमके जेवणाच्या वेळी. “बाई, आजोबांच्या पेटीत सापडली. किती जुनी असेल हो?” वाजते का, हे एकानेही विचारलं नाही. शिक्का बघायचा आणि साल ठोकून द्यायचं! अहो, आमच्या घरात पणजोबांचा ताऱ्याचा शिक्का तीन पिढ्या वापरला. शिक्क्यावरून काय कपाळ कळणार?

३. आता घरातली क्लॅरिनेट. फुल्बेर गावच्या बँडचा प्रमुख. त्याने तिच्यावरचा तारा पाहिला आणि पणजोबांनी ती १८६८ साली घडवली, असं जाहीर केलं. बँडच्या वर्धापनदिनी ती महापौरांच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवायची ठरली आणि खात्री करायला समितीने मला बोलावलं. मी ती सुटी केली आणि वरच्या नळीत दिवा धरला. आत एक बारीक ओरखडा होता, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वडिलांच्या हत्याराला खाच पडली होती आणि त्यांनी ती कधी घासली नाही. त्यांच्या प्रत्येक नळीत ही ओळ सापडते. म्हणजे वरची नळी वडिलांची, दुसऱ्या महायुद्धानंतरची. तोंडाखालचा छोटा तुकडा मी केलेला. खालची नळी आणि टोकाचा कर्णा तेवढा पणजोबांचा. आमच्या गावात असंच चालतं. तडकलेला भाग बदलायचा आणि वाजवत राहायचं.

“दिवा बंद कर,” फुल्बेर म्हणाला. “चारचौघांत माझी शोभा करतेस?”

“तूच करून घेतोयस. आत बघ, बाबांची ओळ आहे.”

“तुला घराण्याचा अभिमानच नाही!”

“अरे मूर्खा, मी बाबांचंच नाव घेतेय ना!”

नोएमीने नळीला डोळा लावला. “बाबा, आत्याचं बरोबर आहे.”

फुल्बेरने टोपी घातली आणि निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि नोएमीशीही नाही. जिला त्यानेच वाजवायला शिकवलं, ती पावाच्या दुकानात दिसली की हा रस्ता बदलतो. एका सालापायी कुणी पोटची लेक टाकतं का? मला संताप येतो, आणि फार वाईट वाटतं.

म्हणून खालची नळी आणि कर्णा मी फुल्बेरला देते. अस्सल १८६८. घे बाबा, मांडीवर घेऊन बस. वरची नळी, छोटा तुकडा, फुंकायचं तोंड आणि त्यावरची वेताची पत्ती नोएमीला. कुणीही आपला भाग विकू नये, काचेत ठेवू नये. नोएमीने नवी खालची नळी करायची नाही. तिला येते, म्हणून मुद्दाम लिहिते.

४. संगीतकारांची संत सेसिलिया, तिच्या दिवशी बँड गावातून वाजत फिरतो, पण हल्ली फुल्बेर माझी गल्ली टाळतो. मी गेल्यावर येणाऱ्या त्या दिवशी नोएमीने सशाचं मांस आणि सफरचंदाचा केक करून दार उघडं ठेवावं. फुल्बेर, फुंकेचा वारा मिळाला नाही तर लाकूड तडकतं, हे तुला मी सांगायला नको. तुझा भाग घेऊन ये. आधी जोडा, मग वाजवा. भांडण जेवणानंतर.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असं नोटरी म्हणाले. त्यांनी माझा भाऊ पाहिलेला नाही.

साक्षीदार: ओदेत मार्शांदीन, पावाचं दुकान (सही)
युर्सें लब्लाँ, बँडमधला ढोलवाला (सही)

लेओन्तीन केनेल (सही)
ला कुतूर-बुसे, १४ ऑक्टोबर १९९८

तारीख ठळक घातली आहे. निदान या कागदाच्या वयावरून तरी तुम्ही बापलेक भांडू नका.