न उठणारे पाहुणे

आई,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, दोन्ही वेळा जेवते.

आज प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी मरताना पाहिली. कुणी मारली नाही गं, वेळ झाल्यावर तिनेच गाशा गुंडाळला! तसा हुकूम देणारं जनुक तिच्यातच असतं.

दुसऱ्या बशीतल्या पेशींत तेच जनुक बिघडलेलं. चहा पिऊन झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यांसारख्या त्या ठाण मांडून बसतात, वर आपल्यासारख्याच आणखी वाढवतात. कॅन्सरची गाठ अशीच होते. त्यांना उठवता येईल का, हेच आम्ही शोधतोय.

ताईने पत्रात मांजरीच्या पिल्लांपर्यंत सगळं लिहिलंय. तुझ्या काखेतल्या गाठीच्या रिपोर्टचं तेवढं नाही.

निघताना मी 'जाते' म्हटलं, तर दारात अडवून तू 'येते' म्हणायला लावलंस.

तर आई, शनिवारी येते.

तुझी धाकटी