पितळी तारा आणि दोन पिकअप

तेर, ६ ऑगस्ट १९४५
गिटार आली! विजेवर वाजणारी. थेट सोलापूरहून. निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, जमादारानं पेटी उघडून ही बंदूक आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाद्य. वाजवून दाखवा म्हणाला. बॅटरीशिवाय वाजत नाही म्हटल्यावर त्यानं 'लाकडी सामान' अशी नोंद करून सोडलं. अडाणी.

सोबत दोन पिकअप मिळाले. पिकअप म्हणजे तारेचा आवाज उचलून भोंग्याला देणारा पुरजा. एक चुंबकाचा, चकचकीत, तारांखाली बसवायचा. दुसरा लाकडाला चिकटवायचा, बूटपॉलिशच्या डबीसारखा. अर्थात चकचकीत लावला. डबी चुलतभाऊ बंडप्पाला देऊन टाकली. त्यालाही काहीतरी मिळायला हवं.

कारण असं, की मठाच्या भजनात तंबोऱ्याची जागा आमच्या आजोबांची, अप्पांची. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ते जागा सोडणार. ते ज्याला देतील तो बसणार. उमेदवार दोन, मी आणि बंडप्पा. बंडप्पाकडे तोच जुना तंबोरा. निकाल लागल्यात जमा आहे.

९ ऑगस्ट
गिटारीच्या जाड तारा गंजक्या निघाल्या. काढून तंबोऱ्याच्या पितळी तारा चढवल्या. आमच्या घराण्यात खर्ज पितळेचाच. पोलादावर खर्ज वाजवणाऱ्यांची लायकी मला ठाऊक आहे.
टुरिंग टॉकीजवाल्या महारुद्रकडून अँप्लिफायर, भोंगा आणि मोटारीची बॅटरी आणली. उद्या ट्रायल.

१० ऑगस्ट, सकाळ
बारीक तार छेडली. भोंगा असा किंचाळला की शेजारच्या मल्लम्माक्कांच्या म्हशीनं पान्हा चोरला. मल्लम्माक्का भिंतीवरून बोलल्या. काय बोलल्या ते इथं लिहीत नाही.
पितळी तारा मात्र गप्प. नवीन जागा आहे, लाजत असतील.

१३ ऑगस्ट, पहिला सोमवार
दोष सापडला. पिकअपची जागा चुकली. आधी मानेकडे सरकवला, मग घोडीकडे. मग जाड तारांच्या बाजूनं पुठ्ठा घालून वर उचलला. बारीक तार आणखी खूष. पितळी तारा तशाच.
उद्यापासून पहाटे उठून प्रॅक्टिस.

१४ ऑगस्ट
पहाटे पाऊस होता. उठलो नाही.

१७ ऑगस्ट
लढाई संपली म्हणे. आमच्या घरात चालूच.
बायकोच्या, जगदेवीच्या, सुया गोधडी शिवताना सांडल्या. तिनं मला न विचारता माझा पिकअप फिरवून त्या गोळा केल्या. आमची ही वरून म्हणते, अवो, सुया चिकटत्यात, माझं बोटातलं पितळंचं अंगुस्तान चिकटत न्हाय, तुमच्या तारंचंबी तसंच असंल की. बंडूभावजीकडची डबी मागून आणा म्हणाली. मी तिला समजावलं, की हे सायन्स आहे, शिवणकाम नाही. ती बरं म्हणाली. पटलेलं दिसतं.

२२ ऑगस्ट
अंतिम उपाय. व्हॉल्यूम पूर्ण वाढवायचा, बारीक तार अलगद छेडायची आणि जाड तार जीव खाऊन. जीव खाताना बोट कापलं. कलेला त्याग लागतो.

२८ ऑगस्ट
अप्पा स्वतः येऊन समोर बसले. कान पुढं करून म्हणाले, खर्ज ऐकव. ऐकवला. ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, सुरू कर की रं रामलिंगा. मी म्हटलं, झालं वाजवून. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मी चारदा सगळ्या वायरी काढून परत जोडल्या. कार्यक्रमाआधी मोठमोठे कलावंतही असंच करतात.

३ सप्टेंबर, शेवटचा सोमवार, दुपार
सगळं जय्यत. बारीक तारेला कापूस गुंडाळलाय. जागा मिळाल्यावर करायचं छोटं भाषण पाठ आहे. बंडप्पाबद्दलही त्यात दोन चांगले शब्द घातले आहेत.

४ सप्टेंबर, सकाळ
मठ गच्च भरला होता. पहिल्याच छेडीत कापूस उडाला. तार अशी ओरडली की स्वामींचा भस्म लावणारा हात जागीच थांबला. लोकांनी कानात बोटं घातली. खर्जाचा पत्ता नाही. मी बॅटरीला दोष दिला. महारुद्र म्हणाला, बॅटरीचं नाव काढायचं न्हाय, मालक.

मग बंडप्पा पुढं आला. त्यानं ती डबी मेणानं तंबोऱ्याच्या भोपळ्याला चिकटवली आणि वायर माझ्या अँप्लिफायरमध्ये खुपसली. चारही तारा सारख्या बोलल्या. खर्ज पार दारापर्यंत भरला. अप्पा डोळे मिटून ऐकत होते, ते रडायलाच लागले. म्हणाले, लई दिसांनी कानावर आला रं. आणि त्यांनी तंबोरा बंडप्पाच्याच मांडीवर राहू दिला, वर त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

वाईट वाटलं. फार वाटलं.

पण अँप्लिफायर बंडप्पाला चालवता येत नाही. अप्पांनी मला जवळ बोलावून सांगितलं, तू बटन धर. म्हणजे नीट पाहिलं तर मठाचा सगळा आवाज माझ्याच हातात आहे. भजन संपेपर्यंत बटन धरून बसलो. मधेच अप्पांनी कानामागं हात नेला. मी आवाज थोडा वाढवला. त्यांनी हात खाली घेतला.