न घेतलेल्या लशीच्या तीन सह्यांबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
पंचधारा धर्मादाय रुग्णालय, कोल्हापूर.

विषय : सुई टोचल्यामुळे संरक्षक इंजेक्शन आजच मिळणेबाबत.
संदर्भ : कर्मचारी लसीकरण नोंदवही, माझ्या नावापुढील तीन सह्या.

महोदय,

१. मी रुद्रेश शिवाप्पा मगदूम, राहणार कळंबा, आपल्या धुलाई विभागात नऊ वर्षे कामास आहे. मंगळवारी सकाळी पुरुष वॉर्डातून आलेले चादरींचे गाठोडे सोडताना आत राहिलेली सुई माझ्या उजव्या तळहातात शिरली. ती चादर ज्या खाटेवरची, तेथील रुग्णास हिपॅटायटीस बी, म्हणजे रक्तातून लागणारी कावीळ आहे, असे वॉर्डातून समजले. हात साबणाने धुऊन मी लगेच अपघात विभागात गेलो.

२. ज्याने लस घेतलेली नाही त्याला संरक्षक इंजेक्शन व लस ताबडतोब द्यावी लागते, जितका उशीर तितका उपयोग कमी, आणि सात दिवसांनंतर काही खरे नाही, असे सिस्टर संयोगिता यांनी सांगितले. मात्र नोंदवही पाहून त्या म्हणाल्या, "तुमचं तिन्ही डोस झाल्यात की. भ्यायलाय कशाला?" आस्थापना लिपिकांनीही शेरा मारला : 'कर्मचारी पूर्ण संरक्षित. कार्यवाहीची आवश्यकता नाही.'

३. महोदय, लिहिताना लाज वाटते, पण आता लाज बाळगून चालणार नाही. त्या तिन्ही सह्या माझ्याच आहेत. लस मी एकदाही घेतलेली नाही. दहा वर्षे मी तालमीत कुस्ती केली, परंतु सुई दिसली की मला लहानपणापासून घेरी येते. शिबिरात आधी सही करायची व मग आतल्या टेबलाशी जायचे, अशी पद्धत होती. मी सही केली आणि चादरींची गाडी ढकलत मागच्या दाराने निघून गेलो. तिन्ही वेळा हेच केले. तिसऱ्या वेळी तर सगळ्यांबरोबर दंड चोळत चहाही घेतला.

४. काल हे सर्व लिपिकांना सांगितले. लस न घेतल्याचा लेखी पुरावा आणा, असे ते म्हणाले. तो कोठे मिळतो, असे विचारता त्यांनी कळविले की, खोट्या सह्यांबाबत चौकशी समिती नेमली जाईल, तिचा अहवाल पंधरा दिवसांत येईल, आणि त्यानंतर इंजेक्शनचे पाहू. आज तिसरा दिवस आहे.

५. माझी पत्नी शिवलीला पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला मी काहीच सांगितलेले नाही. मंगळवारपासून बाहेरच्या खोलीत झोपतो. ताटावाटीतून हा आजार लागत नाही असे सिस्टर म्हणाल्या, तरी माझे ताट मी वेगळे धुतो. काल तिने विचारले, "माझ्यावर रागावलाय व्हय?" मी ताट घेऊन मोरीकडे गेलो. महोदय, मला फार भीती वाटते, आणि ती एकट्या माझ्यापुरती नाही.

६. तरी माझे रक्त तपासावे, पण तपासणीसाठी इंजेक्शन अडवू नये. समिती खुशाल नंतर बसवावी. जी शिक्षा होईल ती मला मान्य आहे. या वेळी आधी दंड पुढे करीन, सही मागाहून घ्यावी.

७. सकाळी आठपासून मी आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसलो आहे. डावी बाही वर करून ठेवली आहे. मला घेरी आली तर दोघांनी धरावे, पण इंजेक्शन पुरते देऊनच सोडावे.

आपला नम्र,
रुद्रेश शिवाप्पा मगदूम
धुलाई विभाग
दि. १३ जून २०२४, सकाळी ९.४०