आपा ज्या गल्लीतून चालत होती

४ जानेवारी, रविवार
गल्लीतल्या शेवटच्या घराचीही सही झाली. आमची आधीच झाली होती. महिनाअखेर घरं रिकामी, मग पाडकाम. बिल्डरचा माणूस रंगीत चित्र घेऊन आला होता. आठ मजले, खाली पार्किंग, कडेनं झाडं. शुक्रवार पेठेत एवढी झाडं कुठून आणणार कुणास ठाऊक. सगळे चित्राभोवती गोळा. आपा उंबऱ्यावर बसून नुसती ऐकत होती.

माणसं पांगल्यावर म्हणाली, "रफिक, गल्ली ऱ्हाईल का?"
"रस्ता राहील की. रुंद होईल. घरं जातील."
"मग गल्ली कशाची?"

अम्मी गेल्यापासून माझी ही थोरली बहीण या दोन खोल्यांत एकटीच राहते. आता आमच्या फ्लॅटमध्ये आणायची. मंगळवारी चार दिवसांसाठी नेतो, सवय होईल. हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही.

(ती बोलते आमच्या दखनीत. लिहिताना माझ्या हाताला मराठीच येतं, शाळेमुळं. असू दे.)

६ जानेवारी, मंगळवार
आपाला आणलं. निघताना गल्लीतल्या बाया अशा जमल्या, जणू हजला चाललीय. आपा ओरडली, "अरे, चार दिन के वास्ते जारी मैं!"

बायकोनं, मुमताजनं, खोली छान लावली होती. वाटेत पायात येईल असं काही ठेवलं नाही. आपानं भिंतीवरून हात फिरवत सगळं घर पालथं घातलं आणि पलंगावर येऊन बसली.
"सगळं गुळगुळीत. कुटं आले तेच कळंना."

गल्लीत ती काठीशिवाय फिरते. दूध, किराणा, मशिदीचा कोपरा, सगळं एकटी. तिला दिसत नाही हे नव्या माणसाला कळतही नाही. दुपारी मुली अरबी शिकायला येतात, सगळं पाठ आहे तिचं. एखादीचा उच्चार चुकला की आत भाकरी थापता थापता ओरडते.

इथं दिवसभर पलंगावर. टीव्ही ऐकत.

८ जाने.
नको ते झालं.
मी भाजीला गेलो होतो, मु. कपडे धूत होती. आपा ऊन शोधायला बाहेर पडली. लिफ्टमध्ये कुणीतरी होतं, त्यानं गच्चीवर सोडलं. येताना ती जिन्यानं उतरली आणि एक मजला चुकला. दार उघडं होतं, आत गेली, सोफ्यावर बसली, "मुमताज, पानी ला गे" म्हणाली. त्या घरातली नवी सून घाबरून किंचाळली.

मी पिशव्या घेऊन येतोय तर वॉचमन आपाचा दंड धरून उभा. "काका, ह्या तुमच्याच ना?"

वाईट बोलला नाही बिचारा. पण आपाचा चेहरा. वस्तू हरवली-सापडली असं काहीतरी...

जेवली नाही. "मला माझ्या घरी सोड." मु. रडायला लागली, तिला वाटलं तिचं चुकलं. संध्याकाळच्या आत सोडून आलो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्याबरोबर माझा हात झटकला आणि ताठ चालत गेली.

९ जाने.
काल तिला तशी चालताना बघितलं आणि सगळं आठवत बसलो.

आपा दहाची होती, मी सहाचा. गोवर आला. माझा गेला, तिचा डोळ्यांत उतरला. नंतर कितीतरी दिवस घराबाहेर आली नाही. मग एकदा अम्मीनं तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, जा, दूध आणा. मी तिला नेणार होतो. प्रत्यक्षात तीच मला घेऊन गेली. तेव्हा घराघरात माग चालायचे. प्रत्येक मागाचा आवाज वेगळा. शेजारच्या नरसम्माचा माग जरा लंगडा, खट-खटाक, खट-खटाक. तिथं वळायचं. आपा आवाज धरून चालायची. पुढं एकेक माग बंद पडला, तोवर तिला त्यांची गरज उरली नव्हती.

आणि गटार! नरसम्माच्या परड्यात सूत रंगवायचे. सकाळी रंगाचं पाणी गटारीतून वाहायचं, लाल, हिरवं, निळं. आम्ही पोरं दात घासत बघायला पळायचो. आपाचे डोळे गेल्यावर ती पायरीवर बसून विचारायची, "आज कुठला?"
"लाल."
"कसला लाल? कुंकवाचा का डाळिंबाचा?"
मला परत जाऊन बघून यावं लागायचं. नुसतं लाल तिला चालायचं नाही. एसटीच्या वर्कशॉपमध्ये पुढं मी रंगकामावर होतो. सगळे म्हणायचे, रफिकला रंगातला फरक बारीक कळतो. कुठं शिकलो ते काय सांगणार?

१३ जाने.
गड्ड्याच्या जत्रेमुळं रस्ते बंद. चालतच पेठेत गेलो. आपा तयार होऊन बसलेली. म्हणाली, "मला गल्ली दाखव."
"म्हणजे?"
"ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत कशी दिसते ते सांग. पाडायच्या आधी एकदा."

इतक्या वर्षांत असं कधी विचारलं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून निघाली. मी सांगायच्या आत तीच म्हणाली, "हे नरसम्माचं हिरवं दार."

मी थांबलो. नरसम्मा जाऊन किती वर्षं झाली. तिथं आता तिची सून ललिता राहते. दार नाही, शटर आहे. राखाडी.
सांगितलं.
"शटर हाय ते म्हाईत हाय, रोज हाताला लागतं की. राखाडी? कधीपासनं?"
"वीसेक वर्षं."

पुढं गेलो. "हितं न्हाव्याच्या भिंतीवर पोपट." आता मोबाइलचं दुकान. काच. तिनं काचेवरून हात फिरवला. काच तिला माहीत होती, पण काचेच्या वर पोपट असेल असं धरून ती इतकी वर्षं जात-येत होती. कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

मग मान वर करून म्हणाली, "वर सुताचे पिळे वाळत असतील ना? बांबूवर?"
माग बंद झालेले तिला माहीत होते. मनातून वरचं सूत काढायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.
"वायरी आहेत, आपा. केबलच्या, लाइटच्या."

मधेच उभी राहिली. "मग इतकी वर्षं मी कुटल्या गल्लीतनं चालत होते रे?"

दुसऱ्या टोकापर्यंत गेलोच नाही. ललिताच्या पायरीवर बसली. ललितानं पाणी आणलं. प्यायली नाही.
खोटं सांगायला हवं होतं का?

१५ जाने.
ललिताचा फोन. "भाई, आपा दार उघडंनात की. पोरी परत गेल्या. जेवल्या का न्हाई ते बी कळंना."

गेलो. माझा आवाज ऐकून उघडलं. डोळे सुजलेले. म्हणाली,
"मी ह्या घरासाठी रडले न्हाई. माझी गल्ली कधीच पडली होती, तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला निरोप काल मिळाला."
"परवा," मी म्हणालो.
"परवा. आता हिला पाडू दे. ही माझ्या वळखीची न्हाई."

म्हणजे आमच्याकडं यायला राजी झाली. मु.ला मागची खोली रिकामी करायला सांगितली. तिला हवेचा अंदाज यावा म्हणून खिडकीशी पलंग.

१९ जाने., सोमवार
काही राजी वगैरे नव्हती!
ललिताच्या घरच्यांनी दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर भाड्याचं घर बघितलंय. पुढची एक खोली वेगळी, दार रस्त्यावर. ती आपा घेतेय. ललिताशी बोलून झालं, मुलींच्या आयांना सांगून झालं. मला सर्वांत शेवटी.

माझा आवाज चढला. "सख्खा भाऊ जिवंत असताना आंधळी बहीण भाड्याच्या खोलीत? लोकांना काय दिसेल ते?"
"दिसू दे. त्यांना डोळे हायेत."
"आमच्यात काय कमी आहे?"
"काय कमी न्हाई. मुमताज लई चांगली. मला जागेवर पाणी देईल, जेवण देईल, बोट धरून नेईल. तुझ्या घरात मी बहीण न्हाई ऱ्हाणार, सामान होईन. ठेवलं तितं."
तसाच उठून आलो.

मु.ला सगळं सांगितलं. वाटलं होतं माझ्या बाजूनं बोलेल. भांडी घासता घासता म्हणाली, "तुम्हाला आपाची काळजी आहे का लोकांची?"
दोन्हीची. पण कुणाची जास्त ते...

२५ जाने.
पाच दिवस गेलो नाही. आज गेलो. सामान हलवायचं होतं, आणि मी नाही गेलो तर ललिताचा मुलगा हलवणार होता. ते मला पटेना.

सामान फार निघालं नाही. अम्मीचा तोटीचा पितळी बदना, दोन ट्रंका, शिलाईची पेटी. आपानं रिकाम्या घराला कुलूप लावू दिलं नाही. "पाडायचंय त्याला कुलूप कशाला?"

नव्या खोलीत सामान ठेवल्यावर आपानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "चल. हे टोक ते टोक. आत्ता हाय ते सांग. माझ्यासाठी काय सजवू नको."

सांगत गेलो. उजवीकडं पिठाची गिरणी. मग एक बंद घर, दारात तुटकी सायकल. मग फाटा, डावीकडं गेलं की आपलं दार. फाट्यावर एक पिवळी भिंत.
"कसली पिवळी? हळदीची?"
"नाही. शिळ्या वरणाची."
हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग मला पण आवरेना. रस्त्यात दोन म्हातारी माणसं हसतायत म्हणून लोक वळून बघत होते.

राग गेला का माझा? गेला नाही. पण हसलो खरं.

२ फेब्रु.
पाडकाम सुरू. जायचं नव्हतं, गेलो. जेसीबीनं आधी वरचे पत्रे उचलले. आमच्या आतल्या खोलीची भिंत उघडी पडली, निळी. अब्बा कंदील ठेवायचे तो कोनाडा सगळ्या जगाला दिसत होता. पुढच्या धक्क्याला तोही गेला. ललिता पदर तोंडात धरून उभी. तिची तर सगळी बाळंतपणं, संसार तिथंच.

आपा आली नाही. तिच्या खोलीकडं गेलो तर मुली ओळीनं बसलेल्या. यंत्राची धडधड तिथवर येत होती. एक मुलगी सारखी अडखळत होती. आपा म्हणाली, "जोर से पढ." सगळ्या मोठ्यानं म्हणायला लागल्या. धडधड वाढली तशा आणखी मोठ्यानं. आपाचा एक हात गुडघ्यावर होता, मूठ आवळलेली. मी दारातूनच परतलो.

११ फेब्रु., बुधवार
सकाळी गेलो. आपाच्या दाराला कडी. ललिता म्हणाली, "गेल्यात की दूध आणायला. एकट्याच."
"एकट्या? तुम्ही सोडलंत कसं?"
"माझं ऐकतात व्हय त्या?"

चहा दिला तिनं. कप घेऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळानं गिरणीच्या बाजूनं आपा येताना दिसली. एक हात भिंतीवर, दुसऱ्यात दुधाची पिशवी. बरोबर येत होती. फाट्यावर आज टेम्पो उभा होता, भिंत झाकून. ती त्याला धरून वळली ती उजवीकडंच गेली.

मी उठलो. तोंड उघडलं होतं. ललिता हळूच म्हणाली, "थांबा की, भाई."

थांबलो. आपा दिसेनाशी झाली. तिकडं मोटारसायकलचा हॉर्न वाजला, कुणीतरी "ओ आज्जी!" ओरडलं. ललितानं कठडा घट्ट धरला होता. मी काय धरलं होतं आठवत नाही.

मग ती परत फाट्यावर आली. उभी राहिली. मान तिरकी करून गिरणीचा आवाज घेतला, टेम्पोला वळसा घातला आणि सावकाश आमच्याकडं आली. कोपर खरचटलं होतं, बाहीला चुना, थोडं रक्त.

पायरीशी थबकली. "कोण?"
"मी."
"कधी आलास?"
"आत्ताच."

शेजारी बसली. दूध मांडीवर ठेवलं. चाचपत माझा कप शोधला, त्याच्यावर हाताचा पंजा ठेवला.
"च्या पार थंड झालाय की तुझा."

मी रुमाल ओला करून कोपर पुसून दिलं. घरी चल म्हणणार होतो, अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "उद्या सकाळी आलास तर मी नसेन. दळण टाकायला जायचंय."

मु.नं आल्या आल्या विचारलं, काय म्हणाल्या आपा? म्हटलं, दळण टाकायचंय म्हणाली.
उद्या जावं का जाऊ नये, अजून ठरत नाही.