जास्तीचा 'द'

तलासरी,
रविवार

प्रिय जान्हवी,

प्रथम तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार. परवाच्या संदेशात तू माझ्याकडे 'आशिर्वाद' मागितलास. शि ऱ्हस्व! आठवीपासून बारावीपर्यंत पाच वर्षं तुझ्यापुढे घसा कोरडा केला, त्याचं हे फळ. असली वस्तू भाषेतच नाही, तर देऊ कुठून? त्यापुढे जोडलेल्या हातांची तीन चित्रं होती. चित्रांचं व्याकरण मला येत नाही, म्हणून ती माफ. शिवाय तू पोलीस होणार. पुढेमागे माझाच जबाब तुला लिहून घ्यावा लागला तर? आत्ताच जपून राहिलेलं बरं.

वाणगावला मावशीकडे राहून, पहाटे बांधाबांधानं धावून तू मैदानी चाचणी काढलीस, लेखीही काढलीस, हे मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा कुणी ऐकलं नाही.

इकडची बातमी अशी की संस्कृतला गेल्या वर्षी तीनच विद्यार्थी उरले, म्हणून मुख्याध्यापकांनी मला करिअर मार्गदर्शक केलं. ज्यानं जन्मात एकच अर्ज केला आणि त्याच नोकरीत केस पिकवले, तो बारावीच्या बेचाळीस मुलांना जगाच्या वाटा दाखवणार! पहिल्या दिवशी कागद वाटले आणि 'बारावीनंतर काय' ते लिहायला सांगितलं. एकतीस जणांनी एकच शब्द लिहिला : कंपनी. कसली कंपनी, विचारलं तर म्हणाले, "उंबरगावची, सर. जीप नाक्यावरूनच सुटते." जणू जीप सुटणं हीच पात्रता. मग मी अर्ज लिहायला शिकवलं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकवलं. खोट्या मुलाखतीत त्यांच्यातल्याच नवीनला साहेब केलं, तर त्यानं पहिल्याच उमेदवाराला मान वर न करता "उद्या या" म्हणून घालवलं. साहेबपण त्याला शिकवावं लागलं नाही.

त्या बेचाळिसांत एकीनं 'परिचारिका' लिहिलं होतं, सगळ्या वेलांट्या जागच्या जागी. शुक्रा वरठाची लेक बुद्धी. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज दीड तास चालत येणारी, तुझ्या तीन वर्षं मागे असलेली, ती उंच मुलगी. निकाल लागला, नर्सिंगच्या यादीत तिचं नाव आलं आणि माझी छाती फुगली. शुक्राला मजुरी बुडवता येईना, म्हणून कागद तपासायला गेल्या मंगळवारी मीच तिच्यासोबत पालघरला गेलो.

टेबलामागच्या बाईंनी कागद शेजारी शेजारी मांडले. आधार कार्डावर बुधी, जातीच्या दाखल्यावर बुधी, बारावीच्या गुणपत्रिकेवर बुद्धी. इंग्रजीत एका 'डी'चा फरक. त्या म्हणाल्या, "या तर दोन मुली झाल्या. यातली तू कोणती?" बुधी म्हणाली, "दोन्ही मीच, मॅडम." बाईंनी शाळेच्या रजिस्टरची छायाप्रत पुढे ओढली, त्या नावावर पेन टेकवलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "कुठल्या शहाण्या मास्तरनं केलं हे?"

जान्हवी, त्या पेनाखालचं अक्षर माझं होतं. आठवीला पाड्यापाड्यांच्या शाळांतून मुलं आपल्याकडे येतात आणि अक्षर चांगलं म्हणून प्रवेशाच्या नोंदी पंधरा वर्षं मीच करत आलो. तिच्या जुन्या दाखल्यावर 'बुधी' दिसलं तेव्हा मला वाटलं, प्राथमिकच्या गुरुजींनी जोडाक्षर खाल्लं. मी ते परत केलं. मोठ्या उदार मनानं केलं. तोच 'द' दहावीच्या फॉर्मवर गेला, तिथून बारावीच्या. बुधीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मी टेबलावरचे कागद गोळा करू लागलो.

नाव दुरुस्त करून आणायला शुक्रवारपर्यंतची मुदत मिळाली. शाळेचा प्रस्ताव, वरचं कार्यालय, मग बोर्ड : याला काही महिने लागतात, हे मला बुधवारी कळलं. शुक्रवारी संध्याकाळी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

काल पाड्यावर गेलो. शुक्रा नांगराचा फाळ ठोकत होता. मला बघून उठला, बसायला खाट ओढली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, अक्षर माझं हेसुद्धा. त्याला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो खरोखरच्या कुतूहलानं म्हणाला, "सर, बुधवारची जन्मली म्हणून बुधी. मी शुक्रवारचा म्हणून शुक्रा. तुम्हाला त्यात चूक काय दिसली?" इतकी वर्षं या लोकांत राहिलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. शब्दाची व्युत्पत्ती सांगत पोट भरणारा मी, एका वाराचं नाव मला ओळखता आलं नाही. बुधी कुठे आहे, विचारलं. आत चुलीपाशी बसलेली तिची आई, पुतळी, म्हणाली, "कंपनीत गेली. नाक्यावरून जीप मिळते ना."

तिथून थेट शाळेत गेलो, शिपायाकडून कपाट उघडून घेतलं आणि पंधरा वर्षांचं रजिस्टर प्राथमिकच्या दाखल्यांशी ताडून पाहिलं. रूपीची मी रूपाली केली आहे. एका बाळ्याचा बाळकृष्ण. अशी तेवीस नावं सापडली. सतरावं नाव तुझं आहे. गावच्या शाळेत तू जानी होतीस. मी जान्हवी केलं, तेव्हा तू हसली होतीस आणि मला वाटलं होतं, पोरीला नाव आवडलं. तुझ्या आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर अजून जानीच असणार.

तुझी कागदपत्रं अठरा तारखेला तपासणार आहेत. तुझ्या प्राथमिक शाळेच्या दाखल्याची प्रत आणि ही चूक माझी आहे असं मी सही करून दिलेलं पत्र सोबत ठेवलं आहे. दोन्ही नावं तुझीच, असं प्रतिज्ञापत्र हे पाकीट मिळताच डहाणूला वकिलाकडून करून घे; त्यावर निदान मुदत वाढवून मिळते, हे मला बुधीची जागा गेल्यावर कळलं. एक दिवसही घालवू नकोस. बुधीचा दुरुस्तीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आहे. पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज करेल असं मी शुक्राला सांगितलं, पण ती करेल का, हे मला माहीत नाही. अठराला मी तुझ्यासोबत येतो. ते पत्र मात्र तुझ्या हातात असू दे, माझ्या भरवशावर राहू नकोस. त्या मंगळवारी "मी केलं" एवढे दोनच शब्द बोलायचे होते, माझी विद्यार्थिनी शेजारी उभी होती, आणि माझं तोंड उघडलं नाही. तुझ्या वेळी तरी उघडेल का, याची मला भीती वाटते.

तुझेच,
वझे सर